आजऱ्याची शांतता

धायरी, पुणे
२ ऑक्टोबर १९९६

माधवा,

परवा एसटीडीवरून तुला फोन केला, त्यात आपल्या दोघांचं मिळून 'काय? काय?' एवढंच बोलणं झालं. बूथवाला मीटरकडे बघून हसत होता. आजऱ्याची लाइनच भिकार आहे, म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचंय ते बूथमध्ये ओरडून सांगण्यासारखं नाही.

मला भीती वाटतेय. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर चार पानं विनोद करत बसेन आणि मुद्दा राहून जाईल.

कानात शिट्टी वाजतेय. बारीक, एकसुरी, न थांबणारी. विसर्जनाच्या मिरवणुकीपासून सुरू झाली असं घरी नसीमला सांगितलंय. विसर्जनानंतर अख्ख्या पुण्याचे कान वाजतात, त्यामुळे तिनं फार चौकशी केली नाही. खरं म्हणजे ती उन्हाळ्यापासून आहे. काम चालू असलं की विसरायला होतं. शेडला कुलूप लावून घरी निघालो की आम्ही दोघंच उरतो, ती आणि मी.

तुला माझे अब्बा आठवत असतील. लग्नाच्या बँडात मोठा ड्रम वाजवायचे. तू शाळेत असताना घरी आलास की त्यांच्याशी ओरडून बोलायचास, आणि ते तुझ्या प्रत्येक वाक्याला हसून मान डोलवायचे. तुला वाटायचं, किती प्रेमळ माणूस! त्यांना काहीच ऐकू येत नसायचं, माधवा. लाज वाटायची म्हणून मान डोलवायचे. बडे अब्बा, अब्बांचे थोरले भाऊ, गेले तेव्हा अम्मीनं रडत येऊन सांगितलं, 'भाईसाब गुजर गए.' अब्बा हसले आणि 'अच्छा, अच्छा' म्हणाले. मी दारात उभा होतो. ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

माझे कान गेले तर गाणं जाईल आणि पोटही जाईल. दहा वर्षं या पत्र्याच्या शेडमध्ये आपण वाजवलं, तू ड्रमवर, मी गिटार आणि घसा घेऊन. बँडचं नावसुद्धा 'पत्रा'. तुझी बँकेतून आजऱ्याला बदली ठरली आणि मी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ थाटला. ज्या पोरांना मोठ्या स्टुडिओत कोणी उभं करत नाही ती सगळी माझ्याकडे येतात. आणि आता कुठे आपली स्वतःची कॅसेट होतेय. गाणारा मी, रेकॉर्ड करणारा मी, डोक्यावर कुठली कंपनी नाही. तू जाण्याआधी वाजवून ठेवलेल्या ड्रमवर सगळं उभं आहे.

सोबत दोन गाणी पाठवतोय. नीट ऐक, विशेषतः सिंबल. तुझ्या त्या पितळी थाळ्या मला टेपवर बोथट वाटतात, म्हणून ट्रेबलचं बटण फिरवून वरचे बारीक आवाज वाढवत गेलोय. टेप खराब आहे की कान, एवढंच सांग. माझ्यापेक्षा तुझ्या कानांवर माझा जास्त भरवसा आहे.

गुलजार

आजरा
१० ऑक्टोबर १९९६

गुल्या,

तुझं पत्र वाचून आधी घाबरलो. मग कॅसेट लावली आणि तुला मनापासून शिव्या दिल्या. दारं-खिडक्या बंद करून, आवाज चढवून, पुन्हा पुन्हा ऐकली. सिंबल अगदी जागच्या जागी आहेत. शेडमध्ये स्टुलावर बसून वाजवताना मला जसे ऐकू यायचे तसेच. तुझ्या टेपला काही झालेलं नाही आणि कानालाही नाही. डोक्याचं मात्र सांगता येत नाही, पण ते पहिल्यापासूनच.

हेमाला विचारलं, कशी वाटली? 'मला तुमच्या संगीतातलं काय कळतंय' म्हणाली आणि पिशवी घेऊन भाजीला निघून गेली. आमच्या घरात कलेची अशी कदर आहे.

शिट्टी माझ्याही कानात वाजते कधी कधी. चाळिशी आली, मित्रा. ब्लडप्रेशर तपासून घे आणि अब्बांची आठवण काढत बसू नकोस.

त्यापेक्षा इथे ये चार दिवस. चारी बाजूंनी झाडी आहे, आणि शांतता तर अशी की तुझ्यासारख्या माणसाला सहन होणार नाही. मला वाटलं होतं, डोंगरातलं गाव, दिवेलागणीला रातकिडे डोकं उठवतील. पण एक नाही! फवारणीनं मेले असावेत. पडवीत बसलं की आपला श्वास तेवढा ऐकू येतो. तक्रार म्हणशील तर एकच, इथली माणसं भिडस्त आहेत. दाराशी येतात आणि बेल न वाजवता उभी राहतात. घरमालकानं चिमणीच्या आवाजाची बेल बसवलीय, ती बहुतेक बिघडलेलीच असते. हेमाला कसं कळतं कोण जाणे, तीच आतून येऊन दार उघडते.

काम पुरं कर. घाबरू नकोस.

माधव

धायरी
१८ ऑक्टोबर १९९६

माधवा,

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपलो. नसीमनं विचारलं, कोणाचं प्रेमपत्र? म्हटलं, बँकेचं.

खरंच फार हलकं वाटलं. आणि ते वेळेवर आलं, कारण त्याच दिवशी कात्रजची पोरं भांडायला आली होती. त्यांचं गाणं मी नुकतंच करून दिलंय. म्हणे, 'सर, ऐकताना कानात सुया घुसतात.' मी म्हटलं, 'तुम्ही डेअरीजवळ राहता ना, म्हशींना ऐकवून बघा, त्या तक्रार करणार नाहीत.' त्यातला एक फारच हळू काहीतरी पुटपुटला. मी दार दाखवलं. आजकालची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, एक शब्द धड कळत नाही. नंतर वाईट वाटलं, पण तुझं पत्र खिशात होतं.

आता एक काम. पहिल्या बाजूच्या शेवटी, गाणं संपल्यावर, मला मिनिटभर शांतता हवी आहे. कोरी टेप सोडली तर ती शांतता होत नाही, कोणीतरी वीज तोडल्यासारखं वाटतं. म्हणून आम्ही रेकॉर्डिंगवाले प्रत्येक खोलीची, अंगणाची रिकामी टेप करून ठेवतो. कोणी बोलत नाही, वाजवत नाही, नुसती जागा. धायरीत ती आता मिळत नाही. शेतांचे प्लॉट पडले, सकाळपासून ट्रक आणि काँक्रीटचे मिक्सर. रातकिडे इथलेही गेले.

तुझ्याकडे एवढी शांतता पडून आहे, तर त्यातली मिनिटभर पाठव. पार्सलनं माझा चांगला माइक आणि छोटा डेक येईल. दिवेलागणीला अंगणात ठेव आणि लांब जाऊन उभा राहा.

गुलजार

आजरा
२८ ऑक्टोबर १९९६

गुल्या,

शांतता पाठवली आहे, पोचल्याचं कळव. पोस्टातल्या माणसानं विचारलं, आत काय आहे? म्हटलं, काही नाही. त्यानं वजन करून तिकिटं लावली.

तू सांगितलंस तसं केलं. माइक तुळशीकट्ट्यावर ठेवला आणि मी पायरीवर. हेमा बाहेर आली आणि काहीतरी विचारू लागली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हटलं, 'श्श! शांतता रेकॉर्ड होतेय.' ती आधी हसली. मग माझ्याकडे बघतच राहिली आणि एक अक्षर न बोलता आत गेली. हल्ली अशीच गप्प असते. गाव मानवलेलं दिसत नाही तिला.

माझा आवाज सुरुवातीला आला असेल तर तेवढा काप. बाकी शुद्ध माल आहे.

माधव

धायरी
६ नोव्हेंबर १९९६

माधवा,

तू टेप केलीस तेव्हा जवळपास कुठे पाण्याचा पंप चालू होता का? किंवा फ्रिज? पिठाची गिरणी? आठवून सांग. थट्टा करू नकोस.

तुझी टेप लावली, हेडफोन चढवला. सुरुवातीला तुझं 'श्श' आलं, मग काही नाही. मला हवी तशी शांतता. पण शेडमधल्या जुन्या डेकवरची सुई हलतेय. आवाज नसला की ती डावीकडे पडून राहते, मेल्यासारखी. ही पडत नाही. थरथरत वर येते, जरा खाली जाते, पुन्हा वर. दुरून कोणी बोलत असावं तशी. आणि मला ऐकू येतेय फक्त माझी शिट्टी.

हेड स्पिरिटनं पुसलं. वायर बदलली. टेप मोठ्या डेकवर लावून पाहिली. तिथेही सुई तश्शीच. यंत्र बिघडलंय असं मी स्वतःला सांगतोय, पण दोन यंत्रं एकाच वेळी, एकाच जागी कशी बिघडतील? काल तासभर सुईकडे बघत बसलो. टेपवर काहीतरी आहे, माधवा. ते यंत्राला कळतंय आणि मला नाही.

मग तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. तू म्हणतोस सगळं जागच्या जागी आहे. तू म्हणतोस तिथे शांतता आहे. तू तिथे बसला होतास. म्हणजे यंत्रातच काहीतरी असणार. कोणाला बोलवून ऐकवावं म्हटलं तर नसीम शेडमध्ये पाय ठेवत नाही, तिचं डोकं दुखतं.

मास्टर टेप दिवाळीआधी मुंबईला पोचली नाही तर कॅसेट छापणारे पुढच्या वर्षावर ढकलतील. उद्या पाठवतोय. शांतता ठेवलीय तशीच. पंपाचं मात्र कळव. लवकर कळव.

गुलजार

आजरा
१३ नोव्हेंबर १९९६

गुलजारभावजी,

नमस्कार. तुमचं पत्र यांनी वाचून टेबलावर टाकलं होतं, ते मी वाचलं. हे उत्तर लिहीत नाहीयेत. 'गुल्या यंत्रापायी वेडा होणार' एवढंच म्हणाले. म्हणून मी लिहितेय, यांना न सांगता.

पंप नव्हता. फ्रिज आमच्याकडे नाहीच. त्या संध्याकाळी अंगणात रातकिड्यांचा असा कल्लोळ होता की मी यांना चहाचं विचारलं ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. आणि हे ओठांवर बोट ठेवून मला म्हणाले, शांतता रेकॉर्ड होतेय. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा. मग चेहरा पाहिला. थट्टा नव्हती, भावजी. मी आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

इथे रातकिडे रोज असतात. आम्ही आलो त्या दिवसापासून आहेत. बेलही बिघडलेली नाही. त्यानंतर एकदा मी मुद्दाम बाहेर जाऊन वाजवली आणि खिडकीतून बघत राहिले. हे दारापासून हातभर अंतरावर पेपर वाचत होते. पान उलटलं, पण मान वर केली नाही.

तुमची दोन गाणी यांनी लावली तेव्हा मी भाजीला गेले, कारण घरात थांबवत नव्हतं. कात्रजच्या मुलांनी तुम्हाला सांगितलं ते खरं आहे, अगदी सुया. मला वाटलं, तुम्हा लोकांना असंच आवडत असेल.

तुम्ही यांच्या कानांवर भरवसा ठेवताय आणि हे तुमच्या. एकाच शेडमध्ये, एकाच आवाजात दहा वर्षं बसलेली दोन माणसं एकमेकांना विचारतायत, मला नीट ऐकू येतंय ना? मला फार भीती वाटते. यांना कसं सांगू ते सुचत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. ती टेप नसीमभाभींना ऐकवा. आधी काही सांगू नका, नुसतं विचारा.

हेमा

धायरी
२२ नोव्हेंबर १९९६

माधवा,

हे पत्र बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

मी नसीमला हात धरून शेडमध्ये आणलं. हेडफोन तिच्या कानांवर ठेवला आणि तुझी टेप लावली. तिचा चेहरा एकदम खुलला. म्हणाली, 'अय्या, रातकिडे! कुठले हो हे? आपल्या मागच्या ओढ्यावरचे?' मी विचारलं, आपल्या ओढ्यावर आहेत? ती हसत म्हणाली, 'रोज तर असतात.' मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. सुई हलत होती. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे होतो. नसीमनं हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला, दोन्ही हातांनी दाबला, जणू दाबल्यानं आत जाईल. मला काही ऐकू आलं नाही.

सदाशिव पेठेतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणी झाल्यावर मी विचारलं, लवकर आलो ना? म्हणाले, 'हो, दहाच वर्षं उशीर झालाय.' कागदावरची रेघ सरळ येते आणि मग कात्रजच्या घाटासारखी खाली उतरते. बारीक, उंच आवाज गेले. ते परत येत नाहीत. मोठ्या आवाजात बसणं थांबवलं तर उरलंय ते राहील. नाही थांबवलं तर पुढे माणसांचं बोलणं जाईल, त्यातही बायकांचे आवाज आधी.

मुंबईला तार केली, छपाई थांबवा. मास्टर परत येतेय. आपली सगळी गाणी सुयांनी भरलेली आहेत, माधवा, आणि मला ती ऐकून दुरुस्त करता येत नाहीत.

आता तुझं. तू शांतता म्हणून रातकिडे पाठवलेस, मी शांतता म्हणून ते कॅसेटवर ठेवले. याचा अर्थ मी लिहायला नको. कोल्हापूरला जा, कान दाखव. मला अब्बांसारखं हसत मान डोलवायची नाही आणि तुलाही डोलवू द्यायची नाही. मी फार घाबरलोय. तू काहीतरी लिही.

गुलजार

आजरा
२९ नोव्हेंबर १९९६

श्री. गुलजार यांस,

आपलं पत्र मिळालं. आजऱ्यातल्या माणसाचे कान पुण्यात बसून टपालानं तपासल्याबद्दल आभार. माझे कान ठणठणीत आहेत. आपल्या आजारात सोबत हवी म्हणून दुसऱ्याला आजारी पाडण्याची गरज नव्हती.

हेमानं आपल्याला लिहिल्याचं तिनं कबूल केलं आहे. यापुढे तिच्याशी पत्रव्यवहार करू नये. माइक आणि डेक पार्सलनं रवाना केले आहेत.

मा. य. रिसबूड

आजरा
२२ डिसेंबर १९९६

गुलजारभावजी,

हे पत्र यांना सांगून लिहितेय. हे समोरच बसलेत.

गेल्या सोमवारी बँकेत आप्पासाहेब आले होते. इथले जुने खातेदार आहेत, रोज यांच्या टेबलाशी बसून दोन शब्द बोलतात. ते काहीतरी म्हणाले आणि हे हसून म्हणाले, 'वा, वा! छान झालं.' आप्पासाहेब उठून चालू लागले. मागून शिपायानं येऊन सांगितलं, त्यांची सून बाळंतपणात गेली.

हे भरदुपारी घरी आले. दाराबाहेर जाऊन बेलच्या बटणावर बोट ठेवलं आणि दुसरा हात आत घालून बेलच्या डबीवर ठेवला. मी स्वयंपाकघरातून आले. चिमणी एकसारखी ओरडत होती. हे म्हणाले, 'हाताला लागतंय, कानाला नाही.' आणि तिथेच उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मी यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

कोल्हापूरला जाऊन आलो. तुमच्यासारखाच कागद, तुमच्यासारखाच घाट.

मी शिकवते त्या शाळेला मे महिन्यात सुट्टी लागली की आम्ही पुण्याला येतो. तोवर मास्टर कुठे पाठवू नका. हे म्हणतात, गुल्याला लिही, मी गाढव आहे. मी म्हटलं, ते त्यांना माहीत असेल.

हेमा

धायरी
२५ सप्टेंबर १९९७

माधवा,

छापून आली. सोबत तुझी प्रत. वरच्या चित्रातला पत्रा आपल्याच शेडचा आहे, गंजासकट.

मे महिन्यातले ते दिवस रोज आठवतात. वहिनी माझ्या खुर्चीत, मी बटणांशी, तू दाराशी पाठ टेकून. मी ट्रेबल एकेक खूण खाली आणत होतो आणि वहिनी म्हणत होत्या, 'अजून. अजून खाली.' प्रत्येक खुणेला तुझे सिंबल माझ्यापासून लांब जात होते. शेवटी त्या 'बस' म्हणाल्या, तिथे माझ्यासाठी काहीच उरलं नव्हतं. मी वळून तुझ्याकडे पाहिलं. तुलाही ऐकू येत नव्हतं, हे मला चेहऱ्यावरून कळलं. आणि आपलं संगीत दहा वर्षं सहन केलेल्या वहिनी पहिल्यांदाच पायानं ताल धरून बसल्या होत्या! मला आनंद झाला आणि ओरडून रडावंसंही वाटलं. आपली कॅसेट निघाली, पण ती कशी झालीय ते मला बायकांच्या तोंडून ऐकावं लागतं.

मी स्टेज सोडलं. अँपवर चादर टाकलीय. रेकॉर्डिंग चालू आहे, हळू आवाजात, आणि शेजारी नसीम. कात्रजच्या पोरांना बोलावून त्यांची माफी मागितली आणि त्यांचं गाणं तिच्या कानांनी पुन्हा केलं. ती माझ्यापेक्षा कडक आहे. पोरं तिला घाबरतात.

मी कशाला घाबरतो तेही सांगतो. ती बोलते तेव्हा मी तिच्या ओठांकडे बघायला लागलोय. कधीपासून ते कळलं नाही. त्यामुळे आपलं ठरलं ते विसरू नकोस, ऐकू आलं नाही तर मान डोलवायची नाही. विचारायचं. लाज वाटली तरी विचारायचं.

पहिल्या बाजूच्या शेवटी तुझं आजऱ्याचं मिनिट ठेवलंय. मी काढणार होतो, वहिनींनी काढू दिलं नाही. फक्त तुझं 'श्श' कापलं.

गुलजार

आजरा
१२ ऑक्टोबर १९९७

गुल्या,

काल दिवेलागणीला पडवीत टेप लावली. हेमा झोपाळ्यावर, मी पायरीवर, गेल्या वर्षी बसलो होतो तिथेच. आवाज बेताचा ठेवला होता. तुझा घसा ऐकू आला, गिटार आली, माझे मोठे ड्रम आले. सिंबलच्या जागी मी मनातल्या मनात हात हलवत होतो. हेमा मध्येच म्हणाली, 'छान वाजवलंय हो तुम्ही.' लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदाच म्हणाली. मी म्हटलं, तू म्हणतेस म्हणजे वाजवलं असेल.

मग शेवटचं गाणं संपलं आणि ते मिनिट आलं. हेमानं बोट वर केलं. आता सुरू झालं, अशी खूण. मी टेपकडे बघत राहिलो. माझ्या डेकला सुई नाही, त्यामुळे फिरणारं चाक बघत होतो. मग अंधारात तेही दिसेनासं झालं. मला भीती वाटली, गुल्या. सगळं गाव समोर होतं आणि कोणी त्यावर काच बसवल्यासारखं. मी तिचा हात धरला.

ती काहीतरी म्हणाली. तोंड दुसरीकडे होतं, आवाज हळू होता. मी मान डोलवायला लागलोच होतो. मग थांबलो आणि विचारलं, 'काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही.'

तिनं माझ्याकडे तोंड केलं आणि सावकाश सांगितलं, 'टेप मघाशीच संपली. आता वाजतायत ते आपल्या अंगणातले आहेत.'

माधव